शाळेतल्या संगणकाची बडोद्यातली पूर्वपीठिका

हाताला काम आणि तेही आपल्या भाषेतून, ही शिकवणीची रीत बडोद्यात संगणकाच्या कितीतरी आधीची. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले सूत्रधार. रंगकाम, यंत्रकाम असे विषय तिथे मातृभाषेतून शिकवले जात आणि त्यासाठी तांत्रिक पुस्तकं देशी भाषेत मुद्दाम तयार करवून घेतली गेली. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं.

शाळांमध्ये संगणक आणण्याचा देशपातळीवरचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ चा, ‘क्लास’ प्रकल्प. निवडक माध्यमिक शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. मेमरी ३२ किलोबाइट. बटण दाबलं की ‘बेसिक’ ही प्रोग्रामिंगची भाषा लगेच हजर. मुलाने ओळ टाइप केली, एंटर दाबलं, की चूक असो वा बरोबर, उत्तर समोर. शिकण्यासाठी याहून चांगलं काय हवं! पण आज्ञा सगळ्या इंग्रजीत. गुजराती किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला यंत्राआधी परक्या भाषेशी झुंजावं लागे. माझ्या मते आपलं घोडं तिथेच अडलं.

उपाय मात्र तेव्हाच हाताशी आला होता. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कीबोर्डची मांडणी ठरवली. तिच्यात वेगवेगळ्या भारतीय लिप्यांतलं तेच अक्षर त्याच बटणावर बसतं. इंग्रजी ‘के’च्या बटणावर देवनागरी ‘क’ आहे, तिथेच गुजराती ‘क’ही. म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातलं मूल शाळेत गुजराती टाइप करायला शिकलं, की आजीला मराठीत पत्र लिहायला त्याला वेगळं शिकावं लागत नाही. ही सोय आपल्या बहुभाषी शहरासाठी सोन्यासारखी. शिकवण्यात तिला पहिल्या दिवसापासून जागा हवी होती.

डिसेंबर २००४ मध्ये शाळांत संगणक-शिक्षण नेणारी केंद्राची ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ योजना आली आणि २०१० मध्ये सुधारली गेली. संगणक-खोल्या वाढल्या. तरी एका मुलाचा हात कीबोर्डवर आणि बाकीचे मागे उभे, असा तास झाला तर ते शिकणं नव्हे, बघणं. वहीत ‘सीपीयूचे भाग’ उतरवून गुण मिळतात, फाइल कुठे साठवली हे सापडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग आहे आणि मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रहही. पण तो मुख्यतः खालच्या वर्गांसाठी. नववी-दहावीच्या संगणकाच्या तासाला गुजराती-मराठीत नीट समजावणारं साहित्य आणि प्रत्येकाला यंत्रावर पुरेसा वेळ, या दोन मागण्या पालकांनी शाळेत लावून धरायला हव्यात.