उशाशी उभा असलेला डॉक्टर : भूलतज्ज्ञाच्या कामाची पार्श्वभूमी

सोलापुरात ज्याला आजही सगळे 'सिव्हिल'च म्हणतात त्या सरकारी रुग्णालयात काय किंवा शहरातल्या एखाद्या खासगी नर्सिंग होममध्ये काय, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या खाटेपाशी एक डॉक्टर येतो आणि नातेवाइकांना अनपेक्षित वाटणारे प्रश्न विचारतो. "मावशी, मोठा आ करा बघू. एखादा दात हलतोय का? मिश्री लावता? जिना चढताना दम लागतो?" पोटाचे ऑपरेशन असताना दातांची चौकशी कशासाठी, असे नातेवाइकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. पण श्वासनलिकेत नळी घालताना हलणारा दात निखळून आत जाऊ शकतो, मिश्रीतली तंबाखू रक्तदाब आणि नाडी यांच्याशी खेळते आणि वर्षानुवर्षे गुटखा खाणाऱ्याचे तोंड तीन बोटे मावण्याइतकेही उघडत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी त्याने आखडलेली तोंडे भूलतज्ज्ञासमोर येतच राहतात, आणि अशा तोंडातून नळी कशी घालायची हा त्या दिवसाचा सर्वांत अवघड प्रश्न ठरू शकतो. हे प्रश्न विचारणारा माणूस सर्जनचा हाताखालचा डॉक्टर असावा, असा समज अजूनही सर्रास आढळतो. या समजाला इतिहास आहे, कारण एके काळी ते खरेच होते.

'भूल' हा शब्द मराठीने फार नेमका निवडला आहे. विसर, मोह आणि चूक हे तिन्ही अर्थ त्यात आहेत, आणि पहिले दोन साधताना तिसरा टाळणे हेच हे काम. वेदना बोथट करण्याची धडपड अर्थातच जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावे आणि वेदना न सोसणाऱ्या, मद्याची सवय असलेल्या रुग्णाला तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. आज नेमके उलटे, म्हणजे उपाशीपोटी यायला सांगतात, कारण बेशुद्धीत उलटी होऊन पोटातले फुप्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. मात्र मूढगर्भ (अडलेले बाळंतपण), उदररोग (पोटाचे विकार), अश्मरी (मुतखडा), मुखरोग (तोंडाचे विकार) अशा ठिकाणी उपाशीपोटीच शस्त्रकर्म करावे, असा अपवाद सुश्रुतानेही सांगितला आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

आधुनिक भूलशास्त्राचा आरंभ १६ ऑक्टोबर १८४६ हा मानतात. त्या दिवशी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने इथर हुंगवले आणि जॉन वॉरेन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. जॉर्जियातल्या क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्येच इथर वापरले होते, पण त्यांनी ते वेळेवर जाहीर केले नाही, म्हणून जागतिक भूल दिन मॉर्टनच्या तारखेला पाळला जातो. ही बातमी जहाजाने येऊनही २२ मार्च १८४७ रोजी, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांत, कोलकात्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात इथरखाली शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले आणि १८४८ च्या जानेवारीत तेही कोलकात्यात पोचले.

हिंदुस्थानात इथरपेक्षा क्लोरोफॉर्म अधिक रुजले, त्यामागे हवामानाचा हात होता, आणि सोलापूरकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. इथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते. मे महिन्यात जिथे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तिथे त्याची बाटली उघडताच निम्मे औषध रुग्णाऐवजी खोलीला हुंगवले जाणार. शिवाय ते पेट घेते आणि भूल चढायलाही वेळ लावते. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते, जळत नाही, थोडेसे पुरते आणि छोट्या कुपीतून दौऱ्यावर नेता येते. जुन्या पिढीच्या तोंडी कोणतीही भूल 'क्लोरोफॉर्म देणे' हीच असे, ती या काळाची खूण.

परंतु क्लोरोफॉर्मने माणसे मरत होती. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना दगावली, आणि हा मृत्यू कशाने झाला यावर पुढची साठ वर्षे वाद चालला. त्या वादाचे सर्वांत मोठे प्रकरण सोलापूरच्या शेजारी घडले. तेव्हा निजामाची हद्द सोलापूरपासून फार लांब नव्हती. तुळजापूर, नळदुर्ग ही गावे त्याच राज्यातली. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचा ठाम दावा होता की क्लोरोफॉर्मने हृदय कधीच आधी थांबत नाही, आधी श्वास थांबतो. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे बघण्यात वेळ न दवडता फक्त श्वासावर डोळा ठेवावा. हे सिद्ध करण्यासाठी निजाम महबूब अली खान यांच्या आर्थिक मदतीने १८८८ मध्ये पहिला आणि १८८९ मध्ये दुसरा 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' नेमला गेला. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठवले. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. याच लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर पुढे क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झाल्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

लॉरी निम्मे बरोबर होते आणि निम्मे चुकले होते. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्म-भुलीत भीतीने किंवा वेदनेने अॅड्रिनॅलिन उसळले तर हृदयाची लय अचानक बिघडते आणि ते थांबते, श्वास चालू असतानाही. म्हणजे घाबरलेल्या मुलीला घाईघाईने अर्धवट भूल देणे हेच सर्वांत धोक्याचे. हैदराबादच्या आयोगाचा निष्कर्ष टिकला नसला तरी त्याने विचारलेला प्रश्न टिकला, असे मला वाटते. भूल देताना नक्की कशाकडे बघायचे, आणि ते बघण्यासाठी दुसरे काहीही न करणारा एक माणूस हवा की नको?

त्या काळी तसा माणूस बहुधा नसे. तारेच्या मुखवट्यावर कापडाच्या घड्या, त्यावर थेंब थेंब औषध, आणि ते टाकायला त्या वेळी जो मोकळा असेल तो, म्हणजे नवशिका डॉक्टर, विद्यार्थी किंवा कंपाउंडर. अमेरिकेत हे काम परिचारिकांनी हाती घेतले. मेयो क्लिनिकच्या अॅलिस मगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक भुलींचा, भुलीमुळे एकही मृत्यू न झालेला, अहवाल प्रसिद्ध केला, आणि तिथे भूल देणाऱ्या परिचारिकांचा वर्ग आजही भक्कम आहे. आपल्याकडे ब्रिटिश परंपरा आली. त्यामुळे भूल देणे हे डॉक्टरचेच काम राहिले, आणि परिचारिका व तंत्रज्ञ मदतीला. सोलापूरला शस्त्रक्रिया म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ते १९१० मध्ये इथे जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांनी युद्धभूमीवर केलेल्या शस्त्रक्रियांची गोष्ट शहराने जपली, आणि ते योग्यच. पण अशा गोष्टींत रुग्णाच्या डोक्याकडे कोण उभे होते याचा उल्लेख कुठेच सापडत नाही, इथेही आणि इतरत्रही.

चित्र बदलले ते औषधांनी. १९३४ मध्ये शिरेतून दिले जाणारे थायोपेंटोन आले, आणि जानेवारी १९४२ मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी भुलीत क्युरारे वापरले. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले बाणाचे विष. ते स्नायू पूर्ण सैल करते, त्यामुळे पोट उघडणाऱ्या सर्जनचे काम सोपे होते आणि खोल भुलीची गरज उरत नाही. पण श्वासाचे स्नायूही सैल पडतात. आता श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत, रुग्णाचा प्रत्येक श्वास कोणीतरी घ्यायचा होता. हे काम हातची कामे सांभाळत करता येत नाही. भूलतज्ज्ञ हा स्वतंत्र डॉक्टर झाला तो माझ्या मते इथे. पदव्या आणि संघटना त्यामागून आल्या. भारतातील भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ ची. डॅनिश भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत हीच पिशवी शस्त्रक्रियागृहाबाहेर नेली. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने ती दाबून रुग्ण जगवले आणि त्यातून अतिदक्षता विभाग जन्माला आला. कोरोनाच्या साथीत नळी घालायला सर्वांत पुढे भूलतज्ज्ञ का होते, याचे उत्तर त्या वर्षात आहे.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत जगात हॅलोथेन हे न जळणारे औषध आले होते, तरी भारतातील अनेक शस्त्रक्रियागृहांत स्वस्त आणि श्वास सहसा न थांबवणारे इथर त्यानंतरही बरीच वर्षे वापरात राहिले. इथर वापरात असताना विजेची ठिणगी पडणार नाही याची काळजी घ्यावी लागे, आणि रुग्णाला शुद्धीवर आल्यावर तासन्‌तास उलट्या होत. १९१७ मध्ये लंडनच्या हेन्री बॉइल यांनी बनवलेल्या भूल देण्याच्या यंत्राचे नाव मात्र इतके घट्ट बसले की आजच्या संगणकीय यंत्रालाही जुने कर्मचारी 'बॉइल' म्हणतात.

'कमरेतली सुई' हा निराळा धागा आहे. ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये जर्मनीतील कील इथे कण्याच्या पोकळीत कोकेन देऊन रुग्णाचा खालचा भाग बधिर केला, मग स्वतःवरही प्रयोग करून घेतला आणि पुढे कित्येक दिवस डोकेदुखीने बेजार झाले. आज सिझेरियन, हर्निया, पायाचे हाड या कामांत ही पद्धत सर्वाधिक चालते. पुढे कधीही कंबर दुखली की दोष त्या सुईला, ही आपल्याकडची पक्की समजूत. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीला इतर अनेक कारणे असतात हे सांगून भूलतज्ज्ञ दमतात.

मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ नोकरीवर असतो, पण जिल्ह्याच्या गावांत खासगी क्षेत्र बव्हंशी फिरत्या भूलतज्ज्ञांवर चालते. सकाळी सात वाजता एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, नऊ वाजता दुसरीकडे अपेंडिक्स, रात्री अपघात. गाडीच्या मागच्या सीटवर बॅग, तिच्यात लॅरिंगोस्कोप (घशात उजेड पाडून नळीची वाट दाखवणारे उपकरण), नळ्या, श्वास देण्याचा फुगा, औषधांच्या कुप्या. यंत्र मात्र ज्याच्या त्याच्या रुग्णालयाचे, आणि ते कधी कसे असेल सांगता येत नाही. मला स्वतःला एका ठिकाणी भूल देण्यापूर्वी सिलिंडर तपासताना काटा शून्याकडे झुकलेला दिसला होता, आणि दुसरा सिलिंडर येईपर्यंत सर्जन हातमोजे घालून वाट बघत होते. सुरू करण्यापूर्वी तपासणे हा तेव्हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली आणि त्यात यंत्र, औषधे व ऑक्सिमीटर यांची खात्री भुलीपूर्वी करून घेणे ही पायरीच ठेवली.

ऑक्सिमीटरची मूळ कल्पना जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा; म्हणून तर नेलपॉलिश पुसायला सांगतात. त्याचा 'टुक टुक' आवाज ऑक्सिजन कमी होऊ लागला की खालच्या सुरात जातो, त्यामुळे पाठमोरा भूलतज्ज्ञ औषध भरता भरताही मान वळवतो. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि हृदयाचा आलेख शेजारी शेजारी एकाच पडद्यावर दिसू लागले, आणि श्वास की नाडी हा हैदराबादचा वाद त्या पडद्यावर संपला. यंत्र जोडून देणाऱ्या, औषध हातात ठेवणाऱ्या भूल-तंत्रज्ञांना मात्र कायद्याची ओळख २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने मिळाली.

शस्त्रक्रिया संपते तेव्हा सर्जन टाके घालून हात धुवायला जातात आणि भूलतज्ज्ञाचे काम पुन्हा सुरू होते. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर गेला का, हे पाहण्यासाठी तो रुग्णाला डोके उचलून पाच सेकंद धरायला सांगतो. सोलापुरात हे एका भाषेत भागत नाही. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातली आजी असेल तर तेलुगूत 'कळ्ळु तेरवंडि', अक्कलकोटकडचे काका असतील तर कन्नडमध्ये 'कण्णु तेरीरि', आणि मग मराठीत 'डोळे उघडा, डोकं वर करा, घट्ट हात दाबा'. पापण्या हलतात, मान उशीवरून थोडी वर येते, आणि पाच मोजून झाल्यावर नळी काढली जाते.