पंपाला डावं-उजवं कळत नाही

मामांच्या शेतात पाइपलाइनची चारी काढायला तीन टनी मिनी पोकलेन आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याचं स्विंग, म्हणजे डावीकडे-उजवीकडे वळणं, बिघडलं. डावीकडे वळताना यंत्र कण्हायचं, उजवीकडे मात्र झटकन जायचं. मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, ‘‘पंप गेला, मालक. उतरवून घेऊन या.’’ शेजारच्या रानातल्या एकाने बांधावरच्या म्हसोबाला नारळ न दिल्याचं कारण सांगितलं. नारळ श्रद्धेने जरूर द्यावा. पण लोखंड आणि तेल यांच्या बिघाडाला कारण लोखंडात आणि तेलातच सापडतं, आणि ते शोधायला फार मोठी विद्या लागत नाही.

आधी ‘पोकलेन’बद्दल थोडं. पोक्लेन ही मूळची फ्रेंच कंपनी. लार्सन अँड टुब्रोने तिची यंत्रं भारतात बनवली आणि ते नाव आपल्याकडे इतकं रुळलं की धड फिरवणारं कुठलंही खोदयंत्र आपल्यासाठी पोकलेनच. जेसीबीचा मागचा हात सिलिंडरच्या जोरावर साधारण अर्धवर्तुळात फिरतो. पोकलेनचं मात्र इंजिन, केबिन, बूम (खोदणारा हात) असं सगळं धडच 360 अंशांत फिरतं. हे धड फिरवते ती स्विंग मोटर. तेलाच्या दाबावर चालणारी ही मोटर गिअरबॉक्समार्फत एक लहान दातेरी चाक फिरवते आणि ते चाक खालच्या मोठ्या दातेरी कड्यावर चालतं. मिनी पोकलेनमध्ये बूम तेवढा बाजूला वळवायची वेगळी सोयही असते. म्हणून ‘स्विंग बिघडलं’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच: धड की नुसता बूम?

इथे धडाचंच दुखणं होतं. पण पंपाचं काम तेल ढकलायचं. ते तेल मोटरच्या कुठल्या तोंडात जाणार, हे पुढचा स्पूल, म्हणजे लिव्हरच्या इशाऱ्यावर सरकून तेलाची वाट बदलणारा दांडा, ठरवतो. एका तोंडातून गेलं तर धड डावीकडे, दुसऱ्यातून गेलं तर उजवीकडे. पंप तोच, तेल तेच. उजवीकडे पुरेसा जोर मिळत असेल तर पंपाला दोषी कसं धरायचं? दोन्ही दिशांना स्विंग मंद असतं तर गोष्ट वेगळी. बऱ्याच मिनी पोकलेनमध्ये स्विंग आणि पुढचं ब्लेड (माती ढकलायचं पातं) यांना एक स्वतंत्र लहान गिअर पंप तेल पुरवतो. अशा वेळी ब्लेड उचलून बघावं. तेही रडत असेल तर त्या पंपाकडे वळावं. आमचं ब्लेड ठणठणीत होतं.

खरा धागा दिला तो ऑपरेटरने. तो सहज बोलून गेला, ‘‘डावीकडं जड जातंय, आन् उजवीकडं जाताना थांबत न्हाई, चारीच्या पुढं जातंय.’’ सगळ्यांना या दोन तक्रारी वाटल्या. माझ्या मते ती एकच होती, आणि ती तशी का होती हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय.

मोटरच्या दोन्ही तोंडांना एकेक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि तेलाला वाट करून देतो. ही मर्यादा साधारण 200 बारच्या आसपास असते, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे शंभरपट. आता धड उजवीकडे फिरतंय आणि ऑपरेटरने लिव्हर मध्यावर आणला. स्पूल दोन्ही वाटा बंद करतो. तरी वरचं दीड-दोन टनांचं धड जडत्वाने फिरतच राहतं. त्या क्षणी मोटरची भूमिका उलटते. इतका वेळ तेल तिला फिरवत होतं, आता ती तेलाला ढकलते. मोटरचा पंप झाला! बाहेर पडायच्या तोंडाशी तेल कोंडतं, दाब चढतो, तिथला रिलीफ व्हॉल्व्ह दाब धरून थोडं थोडं तेल सोडतो आणि धड सावकाश थांबतं. धडाची गतिज ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जाते. दुसऱ्या तोंडाशी पोकळी होऊ नये म्हणून मेकअप व्हॉल्व्ह परतीचं तेल तिथे पुरवतो. धड थांबल्यावर मग स्प्रिंगचा ब्रेक बसतो.

आता हिशोब जुळवा. उजवीकडे फिरताना थांबायला गेलं की तेल ज्या तोंडाशी कोंडतं, डावीकडे निघताना पंपाचं तेल त्याच तोंडातून आत शिरतं. तिथला व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तर डावीकडे निघायला दाब बनत नाही आणि उजवीकडे फिरताना थांबायलाही बनत नाही. ऑपरेटरने तेच तर सांगितलं होतं.

खात्री करून घ्यायची रीत सोपी. आमच्या यंत्रात दोन्ही व्हॉल्व्ह एकसारखे होते आणि आट्यांवर बसलेले होते. बकेट जमिनीला टेकवला, इंजिन बंद केलं, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडला आणि दोन्हींची अदलाबदल केली. इंजिन सुरू केलं, तर आता उजवीकडे जड आणि डावीकडे जाताना थांबेना! दोष व्हॉल्व्हबरोबर गेला. तो मागच्या जागीच राहिला असता तर मोटर, स्पूल किंवा लिव्हरकडची बारीक पायलट लाइन (स्पूलला इशारा देणारी तेलाची नळी) तपासावी लागली असती.

दुखणं दोन्ही दिशांना असेल आणि सकाळी बरं, दुपारी ढिलं असा प्रकार असेल तर मोटरची झीज संभवते. मोटरमधले पिस्टन आणि त्यांची घरं यांच्यात केसाहूनही बारीक फट असते. सपाट फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट, तिप्पट झाली की सत्तावीसपट! शिवाय तेल तापलं की पातळ होतं आणि गळती आणखी वाढते. हे गळलेलं तेल मोटरच्या केस ड्रेन होजमधून (रबरी नळीतून) टाकीत परत जातं. तो होज सोडून मापाच्या भांड्यात मिनिटभराचं तेल धरायचं आणि त्या यंत्राच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचं. ‘एक बाटली ओता, मोटर नवी होईल’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. झिजलेलं पोलाद बाटलीने भरून येत नाही. आणि जोर वाढावा म्हणून रिलीफचा स्क्रू आवळत बसणं त्याहून वाईट, त्यात होज फुटतो किंवा गिअरचे दाते जातात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र हात सडायला लागतो. असं झालं तर थांबू नका, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

व्हॉल्व्ह उघडला तेव्हा त्याच्या बैठकीवर तिळाएवढा काळ्या रबराचा तुकडा अडकलेला होता. आठवड्यापूर्वी एक होज बदलला होता, तो आतून पुसून न घेताच बसवला होता. तुकडा चिमट्याने काढला, व्हॉल्व्ह डिझेलने धुऊन परत बसवला. मग ऑपरेटरने परतीचा फिल्टरही खोलला. त्याच्या घडीत तसेच आणखी दोन तुकडे निघाले.