रॉथको–कू पत्रव्यवहार

अमूर्त चित्रकार मार्क रॉथको (१९०३–७०) आणि शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयातील आधुनिक चित्र-शिल्पांच्या अभिरक्षक कॅथरीन कू यांच्यात १९५४ साली झालेला पत्रव्यवहार. त्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे भरलेल्या रॉथको यांच्या प्रदर्शनाच्या तयारीत ही पत्रे लिहिली गेली. कू यांनी १९३५ ते ४३ या काळात शिकागोत स्वतःचे कलादालन चालवले होते.

पत्रांतून घडणारा संवाद पुस्तिकेच्या रूपाने छापावा, अशी कू यांची कल्पना होती. ठरावीक प्रश्नांना उत्तरे देणे रॉथको यांना मानवले नाही. छापील स्पष्टीकरण वरवर उपकारक वाटले, तरी त्याने पाहणाऱ्याचे मन आणि कल्पनाशक्ती लुळी पडते, असे त्यांनी १४ जुलैच्या पत्रात कळवले. अखेर संग्रहालयाच्या त्रैमासिकात कू यांनीच लेख लिहिला.

सर्वांत महत्त्वाचे पत्र २५ सप्टेंबरचे, म्हणजे रॉथको यांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाचे. ते चित्रांच्या मांडणीविषयी आहे. आपली चित्रे मोठी, रंगीत आणि बिनचौकटीची आहेत. संग्रहालयाच्या अवाढव्य भिंतींवर ती शोभेचे पट्टे ठरण्याचा धोका आहे, ही त्यांची मुख्य चिंता. उपाय म्हणून चित्रे विरळ न लावता दाटीने लावावीत, म्हणजे भिंतींचा पराभव होतो. सर्वांत मोठे चित्र प्रेक्षकाला प्रथम अगदी जवळून भेटावे. आणि चित्रे शक्य तितकी जमिनीलगत टांगावीत, कारण ती रंगवलीही तशीच गेली, असे ते सांगतात.

या पत्राच्या संदर्भात ‘अठरा इंच’ हा आकडा वारंवार दिला जातो. चित्र अठरा इंचांवरून पाहावे असे रॉथको म्हणत, ही आठवण प्रसिद्ध आहे. पण २५ सप्टेंबरच्या पत्रात केवळ ‘जवळून’ एवढाच आशय आहे. लेखी स्वरूपात इंचांचे माप आढळते ते १९६१ च्या लंडनमधील व्हाइटचॅपल प्रदर्शनासाठी दिलेल्या सूचनांत. तेही सहा इंच, आणि ते चित्राच्या जमिनीपासूनच्या उंचीचे आहे. दोन्ही मापांची गल्लत होऊ नये. त्याच सूचनांत भिंतीच्या पांढऱ्या रंगात अंबर (umber, म्हणजे मातकट तपकिरी रंग) आणि किंचित लाल मिसळण्यास सांगितले आहे. भिंत फार पांढरी असली तर लालप्रधान चित्रे हिरवट दिसू लागतात, हे त्याचे कारण. असे निरीक्षण वर्षानुवर्षे रंगापाशी उभ्या राहिलेल्या माणसालाच सुचते.

मांडणीच्या या सूचनांना काही अभ्यासक व्यावहारिक टिपणे मानतात, तर काही त्यांत रॉथको यांचा कलाविचार पाहतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डिसेंबर १९५२ मध्येच न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाला नकार कळवताना, आपल्या चित्रांना बाहेरच्या जगात जे आयुष्य लाभेल त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली होती. कू यांना लिहिलेली पत्रे तिचाच तपशील देतात.

पुढे लंडनच्या टेट गॅलरीचे संचालक नॉर्मन रीड यांच्याशी भेटदाखल द्यावयाच्या चित्रांविषयी त्यांची दीर्घ चर्चा झाली आणि मांडणी ठरवण्यासाठी दालनाची छोटी प्रतिकृतीही वापरली गेली. ती नऊ चित्रे २५ फेब्रुवारी १९७० रोजी, रॉथको यांच्या मृत्यूच्याच दिवशी, लंडनला पोहोचली.