४४ मिलीमीटरचा खड्डा: बुलेटप्रूफ जॅकेटची लेव्हल ठरते तरी कशी

२६/११ च्या रात्री हेमंत करकरे साहेब हेल्मेट आणि जॅकेट चढवतायत ते टीव्हीवरचं दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही. पुढे त्या जॅकेटवरून कितीतरी वर्षं वाद चालला, ते चांगलं होतं की निकृष्ट होतं, आणि मला तेव्हापासून वाटत आलंय की नुसतं चांगलं-वाईट विचारून भागत नाही, कुठल्या गोळीसमोर चांगलं ते विचारायला हवं. पिस्तुलाची गोळी छान अडवणारं जॅकेट एके-४७ समोर जवळपास कापडासारखंच असतं, आणि त्यात ते बनवणाऱ्याची चूक असेलच असं नाही.

म्हणून तर स्टँडर्डमध्ये 'बुलेटप्रूफ' शब्दच वापरत नाहीत, 'बुलेट रेझिस्टंट' म्हणतात. लेव्हल म्हणजे शाळेतले मार्क नाहीत. अमुक गोळी, अमुक वेगाने, इतक्या वेळा मारली आणि ती अडली, एवढंच ती लेव्हल सांगते.

जगात सगळ्यात जास्त चालतं ते अमेरिकेच्या एनआयजेचं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसचं स्टँडर्ड. २००८ च्या आवृत्तीत २ए, २, ३ए, ३ आणि ४ अशा पाच पायऱ्या होत्या. पहिल्या तीन पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी, शेवटच्या दोन रायफलसाठी. इथे लोक हमखास फसतात, कारण ३ए आणि ३ शेजारीशेजारी दिसतात पण मधे दरी आहे. ३ए ला .४४ मॅग्नमची गोळी सेकंदाला ४३६ मीटरने मारतात, ऊर्जा साधारण १५०० जूल, आणि ३ ला ७.६२ मिलीमीटर जाडीची रायफलची गोळी ८४७ मीटरने, म्हणजे साधारण ३४०० जूल, दुपटीपेक्षा जास्त. ३ए पर्यंत केव्हलारसारख्या कापडाचे थर पुरतात, मऊ शिशाची गोळी त्यात अडकते, चपटी होते आणि तिचा जोर खूप धाग्यांत वाटला जातो. ३ ला मात्र कडक प्लेट लागतेच. २०२३ च्या नवीन आवृत्तीत हा घोळ काढायला नावंच बदलली, पिस्तुलासाठी एचजी १ आणि २, रायफलसाठी आरएफ १, २, ३. ऑनलाइन विकायला असतं ते 'लेव्हल ३ प्लस' मात्र एनआयजेच्या कुठल्याच यादीत नाही, ती विकणाऱ्यांनी काढलेली पायरी आहे.

आता टेस्ट कशी होते ते बघा, मला सगळ्यात भारी हाच भाग वाटतो. मूर्तिकार वापरतात तसली तेलकट क्ले एका चौकटीत ठासून भरतात आणि ओव्हनमध्ये कोमट करतात. ती नेमकी किती मऊ झाली हे बघायला साधारण १ किलोचा स्टीलचा गोळा २ मीटरवरून तिच्यावर सोडतात, खड्डा १९ मिलीमीटरच्या आसपास पडला पाहिजे, जास्तीत जास्त ३ मिलीमीटर इकडेतिकडे, नाहीतर क्ले बाद. मग त्यावर जॅकेट पट्ट्यांनी आवळून गोळी मारतात, जॅकेट काढतात आणि क्लेमधल्या खड्ड्याची खोली मोजतात. गोळी आरपार गेली तर नापास हे उघडच आहे, पण गोळी अडली आणि खड्डा ४४ मिलीमीटरच्या पुढे गेला तरी पास होता येत नाही. कारण गोळी थांबली तरी तिचा धक्का थांबत नाही, जॅकेटची मागची बाजू छातीत घुसते आणि बरगड्या, यकृत, हृदय, सगळं त्या धक्क्याच्या वाटेत असतं. हा ४४ चा आकडा १९७० च्या दशकातल्या बकऱ्यांवरच्या प्रयोगांमधून आलाय, आणि त्याचा अर्थ 'काही इजा होणार नाही' असा अजिबात नाही, पास झालेल्या जॅकेटमध्येही माणूस काळानिळा पडू शकतो, बरगडी मोडू शकते.

आणि जास्त ऊर्जेची गोळी अडली म्हणजे कमी ऊर्जेची अडेलच असंही नाही! ३ लेव्हलच्या पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या काही प्लेट ३४०० जूलची ७.६२ आरामात अडवतात, पण ५.५६ ची एम ८५५ गोळी, जिची ऊर्जा जेमतेम १८०० जूल, ती त्यातून आरपार जाऊ शकते, कारण तिच्या टोकात स्टील आहे आणि ती बारीक आहे. म्हणून नवीन आवृत्तीत आरएफ २ ही खास पायरी घातली, त्यात ही गोळी मारूनच बघतात.

आपल्याकडे २०१८ पासून बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं स्वतःचं स्टँडर्ड आहे, आयएस १७०५१, त्यात सहा लेव्हल. अमेरिकेच्या ४ पेक्षा आपली ६ मोठी असा हिशोब करू नका, दोन्हीकडे मारायच्या गोळ्या वेगळ्या. आपल्या ६ ला ७.६२ बाय ५४ आर एपीआय मारतात, स्नायपर रायफलची चिलखत भेदणारी गोळी. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीआरडीओच्या कानपूरच्या लॅबने या लेव्हलचं देशातलं सगळ्यात हलकं जॅकेट जाहीर केलं, चंदीगडच्या लॅबमध्ये त्याची टेस्ट झाली, आणि त्याच्या प्लेटने तसल्या ६ गोळ्या अडवल्या. अमेरिकेच्या २००८ च्या ४ लेव्हलला एका प्लेटवर एकच गोळी अडवली तरी चालायचं, त्यामुळे किती गोळ्या हेही विचारायचंच. कानपूरच्या त्या प्लेटचं वजन आतल्या मऊ जॅकेटसोबत वापरली तर चौरस मीटरला ४० किलोपेक्षा कमी आहे. २५ बाय ३० सेंटिमीटरची एक प्लेट धरली तर साधारण ३ किलो, तीही फक्त पुढची. हे अंगावर घेऊन जवानाला डोंगर चढायचा असतो, म्हणून सगळ्यांना सरसकट टॉपची लेव्हल देऊन टाका म्हणणं सोपं आहे पण बरोबर नाही.

या प्लेटच्या तोंडाला सिरॅमिक असतं, ते गोळीचं कडक टोक फोडतं आणि मागचं पॉलिमर तुकडे झेलतं. सिरॅमिक म्हणजे शेवटी चिनी मातीच्या कपाचं भावंड, जोरात आपटलं तर तडा जातो आणि वरच्या कापडामुळे तो दिसतही नाही, तेव्हा एक्स-रे काढूनच कळतं.

कापडी जॅकेटचा शत्रू वेगळा, घाम आणि उष्णता. झायलॉन नावाचा धागा एकेकाळी केव्हलारपेक्षा भारी म्हणून गाजला होता, नवीन असताना टेस्टमध्ये पासही व्हायचा. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स इथे एका पोलिसाचं झायलॉनचं जॅकेट जी गोळी अडवायला हवी होती तिनेच भेदलं. मग तपासणीत कळलं की हा धागा दमट हवेत कमजोर होतो, आणि ऑगस्ट २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. २००८ च्या आवृत्तीत त्यावरचा उपाय आला. कापडी जॅकेट ६५ अंश तापमानात, ८० टक्के दमट हवेत, कपड्यांच्या ड्रायरसारख्या ड्रममध्ये १० दिवस घुसळायचं, एकूण ७२ हजार फेरे, आणि असं पार थकवलेलं जॅकेट क्लेवर बांधून मग गोळी मारायची.