रुळांकाठचा एरंड आणि कॅडमियमची गाठोडी

"रुळांकाठचा पालक मिठाच्या पाण्यात धुतला की झालं," मुंबईत लोकलच्या रुळांकाठी नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीबद्दल आमच्या इमारतीतल्या काकू परवा ठामपणे म्हणाल्या. मिठाच्या पाण्याने पानावरची धूळमाती जाते, हे खरंच. पण सांडपाण्यातून मुळांवाटे वर चढलेलं कॅडमियम, हा विषारी जड धातू, पेशींच्या आत बसलेलं असतं. तिथवर मीठ पोहोचत नाही.

ते आत शिरतं कसं? वनस्पतीला जस्त आणि लोह लागतं, म्हणून मुळांच्या पेशींवर त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं असतात. आवर्तसारणीत कॅडमियम जस्ताच्या बरोबर खाली आहे आणि दोघांवर दोन धन प्रभार असतात. दाराला फरक कळत नाही. आत आलेलं कॅडमियम प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं.

आता यापुढची गोष्ट मला फार आवडते. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू भरपूर असतो आणि त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर गंधक असतं. हे रेणू जोडून लांब साखळी करणारं एक विकर (एन्झाइम) पेशीत आधीपासून तयार असतं, पण ते कामाला लागतं धातू आल्यावरच. म्हणजे विष स्वतःच उताऱ्याचा कारखाना सुरू करतं! या साखळीला फायटोकेलॅटिन म्हणतात. म्युनिकच्या ग्रिल, विन्नाकर आणि झेंक यांनी 1985 मध्ये ती दाखवून दिली. साखळीवरची गंधकं कॅडमियमला चहूबाजूंनी धरतात, आणि हे गाठोडं पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या माळ्यावर, ढकललं जातं.

गाठोडं बांधलं तरी कॅडमियम नष्ट होत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. "शरीरातले जड धातू पायांवाटे काढतो" म्हणून मिठाच्या पाण्यात विजेचं यंत्र सोडणारे लोक मुंबईत पैसे उकळतात, त्याची मला चीड येते. पाणी तपकिरी होतं ते यंत्राचे लोखंडी इलेक्ट्रोड गंजतात म्हणून. पाय न बुडवताही ते तसंच होतं.

मग मुळांनी कॅडमियम ओढून घेणारी झाडं लावून आणि ती तोडून नेऊन माती साफ करायला किती काळ लागेल? एक हेक्टर जमिनीचा वरचा 20 सेंटिमीटरचा थर साधारण 2600 टन भरतो. त्यात किलोमागे एक मिलिग्रॅम कॅडमियम म्हणजे 2.6 किलो. समजा, वर्षाला 10 टन वाळलेलं लाकूड निघालं आणि त्याच्या किलोत 20 मिलिग्रॅम कॅडमियम आलं, तर वर्षाला 200 ग्रॅम बाहेर पडलं. एवढा एक मिलिग्रॅम उतरवायला 13 वर्षं! इतकी वर्षं जमीन नुसती कोण अडकवून ठेवील? म्हणून ऊर्जापिकं, म्हणजे इंधनासाठी लावायची पिकं. युरोपात यासाठी विलो आणि पॉपलर लावून पाहिले आहेत: दर काही वर्षांनी तोडायचे, मूळ पुन्हा फुटतं, लाकूड बॉयलरला जातं.

आपल्याकडे "ओसाड गावी एरंड बळी" म्हणतात. कुर्ल्याच्या पुढे नाल्याकाठी, जिथे दुसरं काही तग धरत नाही, तिथे तांबूस देठांचा एरंड डोक्याच्या वर वाढलेला लोकलमधून दिसतो. तो बरंचसं कॅडमियम मुळांतच अडवतो, त्यामुळे माती झपाट्याने साफ करणं त्याच्याकडून होणार नाही. पण त्याच्या बियांचं तेल इंधनाला चालतं. धातूंचे क्षार तेलात विरघळत नाहीत, ते पेंडीत मागे राहतात. आणि ही पेंड रायसिन या एरंडाच्या बियांतल्या विषामुळे तशीही गुरांना घालत नाहीत.

लाकूड जाळायचं तर चिमणी सांभाळावी लागते. कॅडमियम 767 अंश सेल्सियसला उकळतं, म्हणजे भट्टीत त्याची वाफ होते आणि धूर निवताना ती सर्वांत बारीक राखेवर बसते. गाळणीच्या पिशव्यांनी ती राख धरली, तर एक हेक्टरचं वर्षभराचं कॅडमियम काही गोण्यांत मावतं आणि तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या जागी पुरता येतं. तीच झुडपं पावसाळ्याआधी छाटून नाल्याकाठीच पेटवली, तर काही कॅडमियम धुरातून आपल्या नाकात येतं आणि उरलेलं पहिल्याच पावसात पालकाच्या वाफ्यात परत जातं.