आजारी मुलासाठी घरी बेड हवाय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

रुग्णालयातून मुलाला घरी सोडताना डॉक्टर सांगतात, "घरी फाउलर बेड लावून घ्या." फाउलर म्हणजे वेगवेगळे भाग वर उचलता येणारा रुग्णाचा पलंग. डिस्चार्जच्या कागदावरही तेवढीच ओळ असते. पालक ती ओळ घेऊन बेडसाठी मदत मागायला पालिकेत जातात आणि बरेचदा रिकाम्या हाताने परत येतात. मूल पात्र असतं, गरजही खरी असते. पण पत्ता भलत्याच पालिकेतला निघतो, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, किंवा डॉक्टरांच्या त्या एका ओळीतून खिडकीपलीकडच्या माणसाला काहीच कळत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत अर्ज नेमका कुठे अडतो, ते इथे सांगते.

आधी एक विनंती. मंजुरीची वाट पाहत मुलाला साध्या पलंगावर ठेवू नका. पालिकेच्या योजनेचे पैसे हातात यायला महिने जातात. तोवर रुग्णसाहित्य केंद्रातून बेड आणा. सामाजिक संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, काही गणेशोत्सव मंडळं असे बेड, वॉकर आणि व्हीलचेअर अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने देतात. आधार कार्डाची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी एवढ्यावर काम होतं. वैद्यकीय साहित्याच्या दुकानांतही महिन्याच्या भाड्याने बेड मिळतो, फक्त अनामत जास्त असते. बेड घरी आला की मग शांतपणे अर्जाला लागा.

अर्ज करायची मुख्य जागा तुमची महानगरपालिका. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, आणि सहाय्यक साधनांच्या योजना त्यातून चालतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत हे काम समाज विकास विभाग पाहतो. बेडसाठी वेगळी योजना शोधत बसू नका, वेळ जाईल. साधनांची यादी वाचा आणि 'इतर सहाय्यक साधन' किंवा तशा अर्थाचा रकाना आहे का ते बघा. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजनाही आहे, पण तिच्या शिबिरांत मिळतात त्या व्हीलचेअर, सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना आधार देऊन बसवणारी खुर्ची), कुबड्या, श्रवणयंत्रं. बेडसाठी तिच्यावर विसंबू नका. मुलाला बसवायला सीपी चेअर हवी असेल तर मात्र एडिपचा अर्ज नक्की करा. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत मिळतं, ३०,००० पर्यंत अर्ध्या किमतीत. तेच साधन पुन्हा मिळायला एरवी ३ वर्षं थांबावं लागतं, पण १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट १ वर्षाची आहे. मूल वाढतं, खुर्ची लहान पडते, आणि तरी पालक ३ वर्षं थांबून राहतात, कारण ही सवलत त्यांना कुणी सांगतच नाही.

आता पत्ता. "आम्ही नवी मुंबईत राहतो" एवढं सांगून भागत नाही. दिघा ते बेलापूर हा पट्टा नवी मुंबई महानगरपालिकेत येतो, जिल्हा ठाणे आणि तहसीलही ठाणे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या इमारतींच्या पाट्यांवर नवी मुंबई लिहिलेलं असलं तरी २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे आणि जिल्हा रायगड. उलवे पनवेल तालुक्यात आहे पण पनवेल पालिकेत नाही, तिथल्या कुटुंबाने रायगड जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जायचं. ठाण्याच्या बाजूला कळवा, मुंब्रा, दिवा हे ठाणे पालिकेत आहेत. घोडबंदर रोडने गायमुखच्या पुढे गेलात की मीरा-भाईंदर लागतं. खारघरच्या टाटा रुग्णालयात मुलावर उपचार चालू आहेत म्हणून जवळ खोली घेऊन राहणाऱ्या बाहेरगावच्या पालकांची इथे फार ओढाताण होते. आधारवरचा पत्ता जळगावचा, राहणं कामोठ्यात, आणि अर्ज केलेला वाशीला. पालिकेच्या योजनेत वास्तव्याची अट असते. ती पूर्ण होत नसेल तर गावाकडच्या नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेत अर्ज करा आणि इथल्यापुरता बेड भाड्याने घ्या. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी नोंदणी केलेला भाडेकरार जोडावा. वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं, त्यामुळे नुसत्या बिलाने काम होत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरून. गंभीर आजारी मुलाच्या आईवडिलांकडे रुग्णालयाच्या फायलींचा ढीग असतो आणि हा एक कागद नसतो, कारण आपलं मूल 'दिव्यांग' या वर्गात बसतं हे त्यांच्या मनातच आलेलं नसतं. काहींना ते मनात आणणंही जड जातं. त्यांचं दुःख मला समजतं, तरीही सांगते की हा अर्ज लांबवू नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार यांची नावं त्यात थेट आहेत. कॅन्सर नाही, मूत्रपिंडाचा आजारही नाही. पण मेंदूतल्या गाठीमुळे अंगाची एक बाजू लुळी पडली असेल, पाय काढावा लागला असेल किंवा दृष्टी गेली असेल, तर त्या अवस्थेची तपासणी होऊन टक्केवारी मिळू शकते. म्हणून खिडकीवर "कॅन्सर आहे" असं सांगू नका. "चालता येत नाही, डावा हात-पाय चालत नाही" असं सांगा आणि तसे तपासणीचे कागद पुढे करा.

प्रमाणपत्राचा अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर होतो. मूल अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, असल्याने आई किंवा वडील अर्ज करू शकतात. तपासणीसाठी राहत्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडता येतं, किंवा मुलावर ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तेही. पनवेलच्या बाजूच्या कुटुंबांनी याचा फायदा जरूर घ्यावा, नाहीतर आजारी लेकराला घेऊन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जावं लागू शकतं. सहाय्यक साधनांच्या योजनांना सहसा किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते, ती आजच बघून ठेवा. लहान मुलांची अवस्था बदलू शकते म्हणून डॉक्टर अनेकदा तात्पुरतंच प्रमाणपत्र देतात, आणि अर्ज छाननीत असतानाच ते संपलं तर फाईल पुन्हा तळाला जाते.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल मी पालकांशी सगळ्यात जास्त वेळ बोलते. 'हॉस्पिटल बेडची शिफारस' असं पत्र म्हणजे वाया गेलेला कागद. साध्या लोखंडी खाटेलाही हॉस्पिटल बेडच म्हणतात. दुकानात सेमी फाउलर म्हणजे फक्त पाठीकडचा भाग उचलणारा. फुल फाउलर म्हणजे पाठ आणि गुडघे दोन्ही उचलणारा. त्याच्यापुढे उंची कमी-जास्त होणारे आणि मोटरवर चालणारे बेड येतात. किमतीत मोठा फरक पडतो, त्यामुळे महागडा प्रकार का हवा ते पत्रात नसेल तर सर्वात स्वस्त प्रकार मंजूर होतो किंवा काहीच होत नाही.

म्हणून पत्रात गरज आणि कारण यांची जोडी हवी. मुलाला नाकातून किंवा पोटातल्या नळीने फीड दिलं जातं, त्या वेळी डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, नाहीतर दूध श्वासनळीत जायची भीती, म्हणून पाठ उचलणारा भाग. नुसती पाठ उचलली की मूल खाली घसरतं आणि माकडहाडाजवळची कातडी घासली जाते, म्हणून गुडघ्यांचाही भाग. मुलाचं वजन इतकं किलो, आई एकटी सांभाळते, दिवसातून अनेकदा कूस बदलावी लागते, म्हणून उंची बदलणारा बेड. झटके येतात, म्हणून दोन्ही बाजूंना कठडे. सोबत मुलाचं वय, उंची, वजन, निदान, बेड अंदाजे किती काळ लागेल हे लिहिलेलं असावं, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना एवढं लिहायला वेळ नसतो. हे मुद्दे तुम्ही कागदावर लिहून न्या. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटलात तर ते पत्र नीट करून घ्यायला मदत करतात.

उंची आणि वजन पत्रात का हवं, तेही सांगते. बाजारातले बहुतेक बेड प्रौढांसाठी बनवलेले असतात. आंतरराष्ट्रीय मानकात 'प्रौढ' म्हणजे उंची किमान १४६ सेंटीमीटर, वजन किमान ४० किलो आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) किमान १७. त्याहून लहान मुलाचं डोकं, हात किंवा छाती प्रौढांच्या बेडच्या कठड्यात अडकू शकते. प्रौढांच्या कठड्यातली फट १२ सेंटीमीटरपर्यंत चालते. मुलांच्या बेडच्या युरोपीय मानकात ती ६ सेंटीमीटर आहे. दुकानात जाताना टेप घेऊन जा. फट मोठी असेल तर घट्ट बसणारी जाळीची किंवा गादीची आच्छादनं त्याच बेडसाठी मिळतात का ते विचारा. मध्ये उशा खोचून ठेवू नका, त्या सरकतात आणि तोंडावर येतात. एअर मॅट्रेस टाकल्यावर गादीची उंची वाढते आणि कठडा तेवढाच बुटका होतो, हेही मोजून पाहा. बेड साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो. हाताने फिरवायच्या बेडचा दांडा पायाकडून बाहेर येतो, तिथे माणूस वाकायला जागा लागते. कळव्यातल्या किंवा दिघ्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे आधी खडूने जमिनीवर आखून बघा. मोटरचा बेड घेणार असाल तर वीज गेल्यावर तो हाताने खाली आणता येतो का किंवा बॅटरी आहे का, ते लेखी घ्या. पाठ वर असताना वीज गेली आणि मुलाला आडवं करता आलं नाही, असं व्हायला नको.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तो आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात मिळतो. इथे तारखेची गफलत ठरलेली. दाखला काढल्यापासून वर्षभर चालतो असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात त्यावर बहुतेकदा ३१ मार्चपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलच्या अर्जाला चालत नाही. काही योजनांना एका वर्षाचा, काहींना तीन वर्षांचा दाखला लागतो, पालिकेने काढलेल्या योजनेच्या जाहिरातीत बघूनच काढा. नवी मुंबई पालिका हद्दीतल्यांनी ठाणे तहसीलचा आणि खारघर-कामोठ्याच्या लोकांनी पनवेल तहसीलचा दाखला घ्यायचा.

मुलाच्या नावाचं बँक खातं हाही अडसर ठरतो. पैसे थेट खात्यात येतात आणि अनेकदा ते लाभार्थीचंच, आधारशी जोडलेलं असावं लागतं. आईवडिलांपैकी एक पालक म्हणून राहून अज्ञान मुलाचं खातं उघडता येतं. अर्जाआधीच उघडा. मुलाच्या आधारचे बोटांचे ठसे ५ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १५ व्या वर्षी अद्ययावत करावे लागतात, ते राहिले असतील तर पडताळणीत अडतं. अंथरुणावरच्या मुलासाठी घरी येऊन हे काम करण्याची सोय आधारकडे आहे, ती कशी मागायची ते केंद्रात विचारा. जन्मदाखल्यावर नावच नसेल, नुसतं मुलगा किंवा मुलगी असेल, तर जन्मनोंदणी कार्यालयात नाव लावून घ्या, १५ वर्षांपर्यंत ते होतं.

बाकी कागद नेहमीचे: रेशनकार्ड, फोटो, दुकानांची दरपत्रकं जीएसटी क्रमांकासह, आणि हे साधन दुसऱ्या योजनेतून घेतलं नसल्याचं स्वयंघोषणापत्र. जाहिरातीत प्रतिज्ञापत्र मागितलेलं नसेल तर नोटरीवर पैसे घालवू नका, स्वयंसाक्षांकित प्रती चालतात. मंजुरीआधी केलेली खरेदी चालते की नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय नवा बेड विकत घेऊ नका. हे विचारायचं राहिल्यामुळे खिशातले पैसे परत न मिळालेली घरं मी पाहिली आहेत.

मुख्यमंत्री सहायता निधी आणि महात्मा फुले योजनेकडे बेडसाठी जाऊ नका. दोन्हीकडचे पैसे रुग्णालयातल्या उपचारांसाठी असतात आणि रुग्णालयालाच मिळतात. सहायता निधीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे. मुलाची पुढची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर तिच्यासाठी तो अर्ज जरूर करा.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह आणि शिक्क्यासह. "ठेवून जा, फोन करू" यावर परत फिरू नका. आजारी मूल घरी ठेवून आलेल्या आईला एक शिक्का मिळवायला तासभर उभं करणं हे मला कधीच पटलेलं नाही, पण तो शिक्का नसेल तर पुढे काही मागता येत नाही. अर्ज नाकारला तर तोंडी कारण ऐकून घरी येऊ नका, लेखी त्रुटीपत्र मागा. त्यात एकच कागद कमी असल्याचं लिहिलेलं असेल तर तेवढाच कागद जुन्या अर्जाच्या क्रमांकासह जोडून द्या. नवा अर्ज भरलात तर रांगेत पुन्हा शेवटी जाल, आणि त्या वर्षाचा निधी तुमचा नंबर येईपर्यंत संपलेला असू शकतो.