तांबडं फुटतं, पण फोटोत का फुटत नाही?

पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जाणाऱ्या साताऱ्यातल्या कोणालाही हा अनुभव सांगावा लागणार नाही. जरंडेश्वराच्या बाजूला आभाळ आधी आमसुली होतं, मग शेंदरी. मोबाइल काढून फोटो घ्यावा, तर पडद्यावर फिकट पिवळट पट्टा आणि त्यावर राखाडी आभाळ. घरी येऊन आठवणीतला रंग परत आणायचा प्रयत्न करावा, तर कोणीतरी म्हणतंच, "एडिट केलाय, म्हणजे खोटा." मला हे म्हणणं पटत नाही. का पटत नाही, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

पहाटेला आपण 'तांबडं फुटलं' म्हणतो. आणि छायाचित्रणाच्या सुरुवातीला फोटो ज्या लेप दिलेल्या काचांवर टिपत, त्या काचांना नेमकं तांबडंच दिसत नव्हतं. त्यांच्यावरचे चांदीचे क्षार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला लगेच प्रतिसाद देत आणि लाल प्रकाशाला जवळजवळ नाही. त्यामुळे निळं आभाळ छापात कोरं पांढरं यायचं आणि लाल वस्तू काळी. 1850च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी, अशा दोन जोडून एक छाप काढला. डोळ्यांना एकत्र दिसलेलं दृश्य एका काचेवर मावत नव्हतं, म्हणून ही जोडाजोड. 1873 मध्ये हेर्मान फोगेल यांना आढळलं की काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळलं, तर तिला हिरवा-पिवळा प्रकाशही टिपता येतो. लालसुद्धा टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या 1906 च्या सुमारास. म्हणजे जवळपास पहिली सत्तर वर्षं कॅमेऱ्याच्या लेखी तांबडं फुटतच नव्हतं.

या काळातली एक हकीकत मला फार जवळची वाटते. ऑगस्ट 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याची सूक्ष्म धूळ वातावरणात उंचावर पसरली. सप्टेंबरमध्ये दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत लोकांनी हिरवट सूर्य पाहिला, तर पुढे कित्येक महिने जगभर आभाळ विलक्षण लाल होत राहिलं. लंडनमध्ये टेम्सच्या काठी विल्यम अॅस्क्रॉफ्ट नावाच्या चित्रकाराने रंगखडूंनी त्या आभाळाची पाचशेहून अधिक रेखाटनं केली. रंग इतक्या झपाट्याने बदलत की पुरं चित्र काढायला वेळच मिळत नसे. आपण करतो ते रंगांचं लघुलेखन आहे, असं तो म्हणे. कॅमेरा होता, पण त्या कामाचा नव्हता.

आपल्याकडे कॅमेऱ्याची ही उणीव स्टुडिओत भरून निघायची. काळ्या-पांढऱ्या छापावर पारदर्शक जलरंगांनी फोटो रंगवायचे. माझ्या आजीचा तसा एक फोटो घरात आहे. रंगवणाऱ्याने तिचं लुगडं पाहिलेलं नव्हतं. आजोबांनी सांगितलं, "आमसुली, काठ हिरवे," त्याने ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि त्याबरहुकूम रंग भरला. त्या फोटोला घरात कधी कोणी खोटा म्हटलं नाही. एकाची आठवण आणि दुसऱ्याचा कुंचला मिळून तो रंग झाला होता.

रंगीत फोटो पुढे आलेच. 1907 मध्ये ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचा विकायला आल्या. त्यात बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण वापरलेले असत. 1935 मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली, 1990 मध्ये भडक रंगांसाठी नावाजलेली फुजीची वेल्व्हिया. निसर्गाचे फोटो काढणारे वेल्व्हियावर तुटून पडले. रोल निवडणं म्हणजेच रंग निवडणं होतं. फक्त त्याला कोणी एडिटिंग म्हणत नसे.

मात्र सामान्य माणसाच्या पहाटेचा रंग ठरायचा कलर लॅबमध्ये, आणि इथेच आजच्या मोबाइलच्या दुखण्याचं मूळ आहे. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी एक युक्ती मांडली होती: सर्वसाधारण फोटोतले सगळे रंग एकत्र मिसळले तर सरासरी राखाडी येते, म्हणून छापताना प्रत्येक फोटो राखाडीकडे ओढावा. 1951 मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. लग्न, बारसं, सहलीचा ग्रुप फोटो, सगळ्यांना ही युक्ती लागू पडते. सूर्योदयाला पडत नाही, कारण तिथे चौकटभर केशरीच असतं. यंत्राला वाटतं की रंग बिघडलाय, आणि ते इमानेइतबारे त्यात निळा भरतं.

1996 मध्ये मी किल्ल्यावरचा एक रोल धुवायला टाकला होता. कॉप्या हातात आल्या तेव्हा पहाटेची दुपार झालेली. मी हिरमुसलो. काउंटरवरच्या मुलाने निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली, "रंग आहे हो आत," म्हणाला आणि यलो-मॅजेंटा वाढवून तीच फ्रेम पुन्हा छापून दिली. निगेटिव्ह तीच होती, फक्त या वेळी यंत्राऐवजी माणसाने निर्णय घेतला होता.

आजच्या कॅमेऱ्यातला ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगांची दुरुस्ती, बराच पुढे गेला आहे, पण त्याच्या मुळाशी तीच कल्पना आहे. प्रकाशाची छटा रंगतापमानाने, केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितका प्रकाश तांबूस. दिवसाउजेडाचं रंगतापमान 5500 केल्विनच्या आसपास धरतात; सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो तेव्हा ते 2000 ते 3000 पर्यंत उतरतं. कॅमेरा ही उतरण 'सुधारायला' जातो. 1990 मध्ये फोटोशॉप आलं, पुढे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, घरोघरी पोचली आणि लॅबमधल्या त्या मुलाचं काम आपल्या हाती आलं. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स कायमचा ठरलेला नसतो, तो नंतर आपणच ठरवतो.

मग आठवण म्हणेल तो रंग खरा का? इथे मी जरा थांबतो. पहाटे डोळाही स्थिर नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यान पुर्किन्ये यांनी नोंदवलं होतं की अंधुक प्रकाशात लाल रंग काळवंडतो आणि निळा त्या मानाने उजळ राहतो. झुंजुमुंजू असताना अंगणात जाऊन पाहा: जास्वंद काळीठिक्कर, आणि शेजारची निळी गोकर्ण उठून दिसते. आणि 1960 मध्ये सी. जे. बार्टलसन यांनी गवत, आकाश, विटा, वाळू अशा ओळखीच्या गोष्टींचे रंग लोकांना आठवणीने निवडायला लावले, तेव्हा आठवणीतले रंग बहुतेक वेळा प्रत्यक्षापेक्षा गडद आणि शुद्ध निघाले. गवत अधिक हिरवं, वीट अधिक लाल. म्हणून घरी बसून आठवणीवर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ओढत गेलं की आपण हटकून पुढे जातो. फोटो खोटा म्हणणाऱ्यांचं एवढं म्हणणं मला मान्य आहे.

हवेचाही त्यात हात असतो. क्षितिजावरून येणारा प्रकाश हवेचा फार जाड थर ओलांडून येतो, त्यात निळा विखरून जातो आणि तांबडा उरतो. हे गणित लॉर्ड रॅली यांनी 1871 मध्ये मांडलं. पण आपल्या कृष्णाकाठी गाळप हंगामात पाचट पेटतं, गुऱ्हाळं धुमसतात. धुराचे कण जाडसर, त्यामुळे रंग मळतो. तो मळकटपणा फोटोतून पुसला, तर त्या सकाळचा ऊसही त्याबरोबर जातो. मी तो पुसत नाही.

आजोबांच्या चिठ्ठीवरून मी एक सवय लावून घेतली आहे. रंग समोर असतानाच शब्दांत लिहायचा. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही: शेंदरी, केशरी, अबोली, गुलबाक्षी, मोतिया. आठवण रात्रीतून गडद होते, वहीतला शब्द होत नाही. चैत्रातली एक नोंद अशी आहे: "जरंडेश्वराच्या डाव्या अंगाला आधी आमसुली, मग शेंदरी. खाली धूर, मळकट अबोली. सूर्य वर येताच सगळं गेलं." त्या फोटोत मी व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे दिवसाउजेडाच्या ठरलेल्या मापावर, आणला, तेवढ्यानेच शेंदरी परतला. आमसुली थोडा वाढवावा लागला. अबोलीला हात लावला नाही.